न विचारता मारलेला शिक्का

गवंडीकाम येत नव्हतं, सुतारकाम येत नव्हतं, तरी सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. जो माणूस वस्तू उघडतो आणि परत बसवतो तो मिस्त्री, एवढा सरळ हिशेब. ह्याचं काम जुन्या कॉम्प्युटरचं. कचेऱ्यांनी, शाळांनी, दवाखान्यांनी टाकून दिलेली मशीनं टेम्पो भरून यायची आणि दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत ओतली जायची. मिस्त्री ती खोलायचा, धूळ फुंकायचा, जिवंत भाग निवडायचा आणि दोघांचा एक करून उभा करायचा. "मेलेल्या दोन म्हशींतून एक दुभती काढतो हा," असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. मिस्त्री हसायचा नाही, त्याच्या दातांत स्क्रू असायचे.

माणूस तसा गप्पच. आई गेली तेव्हा बहीण लहान होती. तिची वेणी घालण्यापासून तिला शिकवण्यापर्यंत सगळं ह्यानंच केलं. त्या धबडग्यात स्वतःच्या लग्नाचं वय निघून गेलं, नंतर कुणी विचारलं नाही आणि ह्यानंही कुणाला आठवण करून दिली नाही. बहिणीला तो धाकटी म्हणायचा. तिचं स्थळ त्यानंच आणलं होतं. मुलगा दिसायला बरा, बोलायला गूळ. गूळ ओला निघाला, पण ते फार पुढे कळलं.

धाकटीच्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला तो तिच्या नवऱ्यानंच. बायको दिवसभर करते काय, फोनवर बोलते कुणाशी, हे त्याला कामावरून बघायचं होतं. आता कॅमेऱ्याला कुणाची भीडभाड नसते. समोर येईल ते तो टिपतो. बाई भाजी चिरते ते त्यानं टिपलं आणि नवरा कमरेचा पट्टा काढतो तेही टिपलं. नवऱ्याच्या ते उशिरा ध्यानात आलं, मग त्यानं आपल्याकडचं सगळं पुसून टाकलं. पण त्याआधीच धाकटीनं ते एका डिस्कवर उतरवून घेतलं होतं. ती डिस्क तिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आणि एका सकाळी तांदूळ तसेच टाकून, डिस्क आणि पोरगी तेवढी घेऊन ती भावाच्या दोन खोल्यांत आली.

पोरगी दुसरीतली. मामा तिला ठकी म्हणायचा. ठकी आल्या दिवसापासून घरात पाहुण्यासारखी वागायची. पाणी प्यायचं तरी विचारायची.

नवऱ्यानं पोरीचा ताबा मागितला. प्रकरण कोर्टात उभं राहिलं. धाकटीची वकीलबाई चांगली, तोंडाची तिखट. तिनं पहिल्या भेटीतच सांगून टाकलं, "हे बघा, तुमच्याकडे चित्र आहे म्हणून मी निवांत आहे. चित्र बोललं की पोरीला बोलायला लावायची गरज पडत नाही. चित्र नसेल तर न्यायाधीशबाई तिला आत बोलावून घेतील. आई बाहेर, बाप बाहेर, पोर आत एकटी. बापानं काय केलं ते तिलाच सांगावं लागेल."

"ते नको," धाकटी म्हणाली. "बाकी काय वाटेल ते होऊ द्या. ते नको."

एवढीच तिची मागणी होती, आणि ती सगळी त्या डिस्कवर उभी होती.

मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचा, एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे, दोन काढा. घरच्या डिस्कची दुसरी प्रत मात्र आज काढू उद्या काढू करत राहून गेली. दिव्याखाली अंधार.

मग वकीलबाईच्या कचेरीत ती डिस्क जोडून बघितली तर उघडेना. बाईंचं मशीन म्हणालं, ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? बाई मिस्त्रीला म्हणाल्या, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. घाबरून नाही म्हटलं आणि वायरच उपटली."

"बरं केलंत," मिस्त्री म्हणाला.

त्याला कारण ठाऊक होतं. धाकटीचा लॅपटॉप त्यानंच बांधून दिलेला, त्यावरची व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बाईंच्या मशीनपेक्षा वेगळी, आणि डिस्क तिथेच तयार झालेली. मशीनला डिस्क जोडली की ते काही सगळी डिस्क वाचत बसत नाही. ठरलेल्या जागा असतात, तिथे एक शिक्का शोधतं. बाजारात गुराच्या पुठ्ठ्यावरचा डाग बघून हे कुणाच्या दावणीचं ते सांगावं, तसं. शिक्का ओळखीचा निघाला तर त्याच्या शेजारचा नंबर आणि नाव वाचतं, दार उघडतं, आत कुठे काय ठेवलंय त्याची मांडणी दाखवतं. शिक्का अनोळखी असेल तर म्हणतं, ही डिस्क कोरी, नवा शिक्का मारू का? आत माणसं नांदत असली तरी मशीनला ती दिसत नाहीत. त्याचा विश्वास शिक्क्यावर.

"दुपारपर्यंत तुमच्या मशीनला कळेल अशी प्रत करून देतो," असं सांगून मिस्त्री डिस्क घेऊन दुकानात आला.

आता त्याच्या बाकावरची तऱ्हा सांगायला हवी. बाकाच्या डाव्या अंगाला डिस्क उभ्या खोचायची एक खाच होती. टेम्पोतून आलेल्या डिस्का त्याच खाचेत जायच्या. मिस्त्रीनं तिथल्या मशीनला असं शिकवून ठेवलं होतं की नवी डिस्क दिसली की जुना शिक्का खरवडायचा, नवा मारायचा, नवा नंबर द्यायचा आणि लगेच दुकानातली तयार व्यवस्था तिच्यावर ओतायला सुरुवात करायची. पूर्वी मशीन मधेच एकदा थांबून विचारायचं, इथे जुनं काही दिसतंय, पुसू का? पण भंगारातल्या प्रत्येक डिस्कवर जुनं काहीतरी असायचंच. दर वेळी विचारायचं, दर वेळी हा हो म्हणायचा. शेवटी वैतागून त्यानं तो प्रश्नच काढून टाकला. काम झरझर व्हायला लागलं. मालक खूष.

त्या दिवशी धाकटीच्या डिस्कच्या वरच्या पेटीची वायर ढिली लागत होती. मिस्त्रीनं पेटी उघडली, आतली डिस्क मोकळी केली. पेटीबाहेर काढलेली डिस्क दुसऱ्या कुठल्याही डिस्कसारखीच दिसते, तशीच काळी, तशीच जड. पुढून मालकांनी हाक मारली, "मिस्त्री, ते दवाखान्याचं मशीन झालं का?" "झालंच," म्हणून ह्यानं मान वळवली आणि हातानं, रोज करतो तसं, डिस्क उचलून डाव्या खाचेत खोचली.

हिरवा दिवा लागला. तो दिवा बघून मिस्त्रीला रोज बरं वाटायचं.

मग नजर बाकावर उघड्या पडलेल्या पेटीवर गेली. तिच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकलेला होता.

त्यानं डिस्क ओढून काढली. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. त्यानं ती दुसऱ्या मशीनला, फक्त वाचणाऱ्या मशीनला जोडली. त्या मशीननं इमानेइतबारे सांगितलं, नवी डिस्क, नवा नंबर, आजची जन्मतारीख. नाव काही नाही. जवळजवळ रिकामी.

मिस्त्री स्टुलावर बसला. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, पण खाली फरशी होती आणि ती जागची हलली नव्हती, उलट फार घट्ट वाटत होती. ज्या बाईला काही कळत नव्हतं तिनं नाही म्हटलं होतं. ह्याला सगळं कळत होतं, म्हणून ह्यानं विचारायचंच बंद करून ठेवलं होतं.

दुपारी धाकटी आली. दारातूनच म्हणाली, "झाली का रे दादा प्रत?"

"बस जरा."

"बसायला सवड नाही, ठकीची शाळा सुटेल. झाली का?"

"पुसली गेली."

"काय पुसलं?"

"डिस्क. माझ्या हातून."

"जन्मात कधी थट्टा केली नाहीस, आज बरी सुचली," असं म्हणून ती खरंच थोडी हसली. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच जिरलं. "सगळं?"

"वरचं गेलं. खालचं असेल."

"असेल म्हणजे?"

"मशीनला दिसत नाही. पण जागेवर असेल. शोधावं लागेल."

धाकटीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. आरडाओरडा केला नाही. नवऱ्याच्या घरात ती सवय मोडली होती. फक्त म्हणाली, "त्याला पुसायला जमलं नाही दादा. तुला जमलं."

आणि पोरीला आणायला निघून गेली.

मिस्त्रीनं मालकांना सांगितलं, "काही दिवस दुसरं काम होणार नाही." मालक काहीतरी बोलणार होते, पण ह्याचा चेहरा बघून म्हणाले, "कर बाबा. दवाखान्याला मी थोपवतो."

आधी त्यानं त्या डिस्कची जशीच्या तशी छबी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवली. मूळ डिस्क पिशवीत बांधून कपाटात ठेवली. आता सावधपणा आला होता. बैल गेला अन् झोपा केला.

धाकटीच्या डिस्कवरच्या व्यवस्थेत एक सोय होती. ती आपल्या शिक्क्याचे काही जादा नमुने डिस्कच्या पोटात, लांब लांब अंतरावर पुरून ठेवते. पुढचा शिक्का गेला तर ह्या पुरलेल्यावरून ओळख पटावी म्हणून. मिस्त्री एकेक जागा उकरत गेला. अलीकडचे नमुने गेले होते, त्याच्याच दुकानातली व्यवस्था त्यांच्यावर ओतली गेली होती. मग एक पलीकडचा सापडला. धड होता. त्यानं तो छबीवर पुढे आणून बसवला आणि मशीनला म्हटलं, बघ आता.

मशीननं ओळखलं. जुनं नाव पडद्यावर आलं. धाकटीनं स्वतः ठेवलेलं नाव, एकच शब्द, 'लोणचं'. नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून.

मिस्त्रीनं स्टूल पुढे ओढलं. त्यानं दार उघडलं. आत मोडका पसारा. काही कप्प्यांना नाव नाही, बाकीचे कप्पे उघडेनात. कुठलं काय कुठे ठेवलंय आणि कुठल्या तारखेला ठेवलंय ते सांगणारी मांडणी डिस्कच्या पुढच्या भागात होती, आणि तो भाग हिरव्या दिव्याखाली गेला होता. दारावरची पाटी परत आली, घर आलं नाही.

मग उरला शेवटचा मार्ग. मशीनला म्हणायचं, नाव नको, तारीख नको, ठाव नको, व्हिडिओसारखा दिसेल असा जो तुकडा हाती लागेल तो वर काढ. विहिरीत गळ टाकून तळ खरवडावा तसं. ते काम मशीन करतं. पण वर आलेला गाळ निवडायला माणूसच बसावा लागतो, कारण काय कुणाचं ते मशीनला कळत नाही.

पहिल्यांदा वर आली ती भलतीच माणसं. कुणाच्या तरी मांजरीची पिल्लं. पोहायच्या टाकीत नाक धरून उभा असलेला एक टकला माणूस. कुठल्याशा दवाखान्यातले मोडक्या हाडांचे एक्स-रे. ही डिस्क मिस्त्रीनंच धाकटीला दिली होती, भंगारातली, नवा शिक्का मारून. खालचं धुवायला वेळ लागतो म्हणून धुतलं नव्हतं. कधीच धुवायचा नाही. ह्या दुकानातून आजवर गेलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटात कुणाचं तरी घर तसंच राहिलं असेल, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं ते बाजूला सारलं. तेवढी ताकद नव्हती.

मग धाकटीचं स्वयंपाकघर यायला लागलं. ओटा, खिडकी, निळी बादली. रिकामं स्वयंपाकघर, त्यात कुणी नाही, तासन् तास. झाडू मारणारी धाकटी. एका तुकड्यात ती ओट्याला टेकून उभी होती, एका हातानं गालावर बर्फाची पिशवी धरलेली, दुसऱ्या हातात फोन. ती फोनवर म्हणत होती, "हो रे दादा, सगळं ठीक आहे. नाही, आवाज कुठे बसलाय, सर्दी झालीय."

मिस्त्रीनं तो तुकडा परत लावला नाही. लावायची गरजही नव्हती.

दोन दिवस तो नुसता बघत राहिला. पट्टा दिसला, पण पाठमोरा, तोंड नाही. तोंड दिसलं तिथे पट्टा नाही. नुसती शिवीगाळ होती. ताट आपटणं होतं. वकीलबाई ज्याच्या भरवशावर निवांत होत्या तो प्रसंग हाती लागेना. लागला तेव्हा नेमकी धाकटी दुकानात आलेली होती, त्याच्यासाठी डबा घेऊन. त्या पहिल्या दुपारनंतर ती त्याच्याशी जेवलास का, एवढंच बोलत होती.

पडद्यावर नवरा दारातून आत येताना दिसला. चेहरा स्वच्छ. कोपऱ्यात ठकी वही घेऊन बसलेली. नवरा ओट्याकडे वळला, कमरेला हात घातला, आणि तिथे चित्र फुटलं. हिरवे-जांभळे चौकोन, मधेच खिडकीचा तुकडा, मधेच कुठलासा पाय. फक्त आवाज तेवढा अखंड चालू राहिला.

त्या आवाजात ठकी बोलली. घाबरलेली नव्हती, रडत नव्हती. घरातल्या कामाचं विचारावं तशी म्हणाली, "पप्पा, टीव्ही मोठा करू का?"

आणि मग टीव्ही मोठा झाला. गाणी वाजायला लागली. गाण्यांखाली बाकीचं.

मिस्त्रीनं बंद केलं. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

धाकटी मागे उभी होती. डबा तिच्या हातातच होता. ती म्हणाली, "मीच शिकवलं तिला. शेजारी ऐकायचे. जिन्यात बायका माझ्याकडे बघायच्या. तिला म्हटलं, पप्पा चिडले की तू टीव्ही मोठा करायचा, म्हणजे आईला मदत होते."



"शहाणी आहे. पुढे पुढे मी सांगायच्या आधीच करायची," धाकटी म्हणाली. मग डबा बाकावर ठेवला. "खाऊन घे. गार होईल."

वकीलबाईंनी तो तुकडा ऐकला, बघितला, परत ऐकला. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "माणूस म्हणून सांगू की वकील म्हणून?"

"वकील म्हणून," मिस्त्री म्हणाला.

"ह्याला तारीख नाही. चित्रावर जी उमटलीय ती बघा, पोरीच्या जन्माच्या आधीची आहे."

"वीज गेली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जायचं. खरी तारीख डिस्कच्या मांडणीत होती."

"होती. आता नाही. मारताना चित्र नाही. आणि हे काढलं कुणी, तर बाईच्या सख्ख्या भावानं, जिथे काम करतो त्या दुकानात, स्वतःच वापरतो त्या मशीनवर. समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल. शिवाय डिस्क पुसली कुणी, तर ह्यानंच. दुसरं वाक्य ते. मी हे पुढे ठेवीन, ठेवणार नाही असं नाही. पण एवढ्यावर न्यायाधीशबाई थांबणार नाहीत."

"मग?"

"मग ठकीला विचारतील."

"माझं नाव सांगा," मिस्त्री म्हणाला. "मी उभा राहतो. शपथेवर सांगतो माझ्याच हातून झालं."

"सांगा की. तुमची चूक कोर्टाला पटेल, मिस्त्री. पण त्यानं नवऱ्याची सिद्ध होत नाही."

धाकटीनं खुर्चीचा हात धरला होता. बोटं पांढरी झाली होती. ती म्हणाली, "तिला मी काय सांगू?"

"काहीच शिकवू नका. शिकवलेलं लगेच कळतं."

कोर्टाच्या दिवशी ठकीला नवा फ्रॉक घातला नाही, रोजचाच घातला. वकीलबाईंनीच तसं सांगितलं होतं. कोर्टाचा व्हरांडा लांबलचक, भिंतीला अर्ध्यापर्यंत तपकिरी रंग, बाकांवर माणसं दाटलेली. पलीकडच्या टोकाला बाप उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. त्यानं ठकीकडे बघून हात हलवला. ठकीनंही हलवला. मग आईकडे बघून हात खाली घेतला.

धाकटीला वकीलबाईंनी सहीसाठी बोलावलं. बाकावर मामा-भाचीच राहिली. ठकी पाय हलवत होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मामा, आत काय विचारणार?"

"घरी काय व्हायचं, ते."

"टीव्हीचं पण?"

मिस्त्री म्हणाला, "विचारलं तर सांग."

"खरं सांगायचं?"

"जे तुला माहीत आहे ते सगळं सांगायचं."

ठकीनं थोडा विचार केला. पाय थांबले. "आईला नाही सांगितलेलं, ते पण?"

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. त्याला विचारायचं होतं, पण शिकवू नका म्हटलं होतं, आणि विचारणं म्हणजे शिकवणं की काय हेही त्याला कळेना. तो म्हणाला, "ते पण."

"बरं," ठकी म्हणाली.

आतून कोर्टातली एक कर्मचारी बाई आली, वाकून ठकीकडे बघून हसली, तिचा हात धरला. ठकीनं पाण्याची बाटली मामाकडे दिली आणि मागे न बघता गेली. दार बंद झालं. जाड लाकडाचं दार, आतला आवाज बाहेर येत नव्हता.

धाकटी सही करून धावत आली. "गेली?"

"गेली."

"रडली का?"

"नाही."

"काही बोलली तुला?"

मिस्त्रीला वाटलं, काही नाही म्हणावं. एवढं एक पुसलं तर काय बिघडलं. मग पोरीनं म्हटलेलं त्यानं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

धाकटी बाकावर बसली नाही. भिंतीला टेकून तशीच खाली फरशीवर बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. बंद दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"मी तर कायम घरातच होते, दादा. मला माहीत नाही असं काय आहे?"